रूट कॅनालनंतरचा ठणका आणि दंतवैद्याच्या हातातील फाईल

रूट कॅनालनंतर दुखते का, किती दिवस दुखते आणि त्यात वापरलेल्या फाईलचा वाटा किती, हे विचारणारी अनेक पत्रे या महिन्यात आली. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी माझ्या खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनाल झाले. डॉक्टरांनी सगळे काम हाताने, सुईसारख्या बारीक फाईली घासून केले होते आणि पुढचे चार दिवस मला त्या बाजूने चावता येत नव्हते. यंदा डाव्या दाढेचे काम मशीनवरच्या फाईलने झाले आणि दुसऱ्या दिवशी मी ते विसरूनही गेले. मात्र माझ्या धाकट्या भावाचे कामही मशीननेच झाले होते आणि त्याला तीन रात्री झोप लागली नाही. मशीनने केलेले रूट कॅनाल कमी दुखते हे खरे आहे का? तसे असेल, तर रुग्णाने मशीनचा आग्रह धरावा का?

उत्तर : मशीनने काम केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतले दुखणे सरासरीने थोडे कमी असते, असा आजवरच्या बहुतेक तुलनात्मक अभ्यासांचा कल आहे. मात्र आपल्या भावाच्या तीन रात्रींचे उत्तर या सरासरीत सापडत नाही. ते हवे असेल, तर रूट कॅनालनंतर दुखते ते नेमके कोठे, येथूनच सुरुवात करावी लागते.

पुष्कळ रुग्ण मला विचारतात, ‘डॉक्टर, नस तर तुम्ही काढून टाकलीत, मग आता दुखतंय काय?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. नस काढल्यानंतर दाताच्या आत दुखण्यासारखे फारसे काही उरत नाही. दुखते ते दाताच्या बाहेर, मुळाच्या टोकाभोवती. दाताचे मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंच्या मध्ये तंतूंचे एक अस्तर असते, त्याची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर भरते, आणि त्यात संवेदना वाहून नेणारे चेतातंतू दाटीने पसरलेले असतात. दाताखाली बारीकसा खडा आला तरी तत्क्षणी जाणवतो, तो या अस्तरामुळे. मुळाच्या टोकाशी त्याला इजा झाली की तेथे सूज येते, पण एका बाजूला दात आणि दुसऱ्या बाजूला हाड असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही. मग दात किंचित वर उचलला जातो, तोंड मिटताना सर्वांत आधी तोच टेकतो आणि चावले की कळ येते. दात उंच झाल्यासारखा वाटतो, ही रुग्णांची नेहमीची तक्रार शब्दशः खरी असते.

ही इजा होण्याचे एक मोठे कारण म्हणजे नलिका, म्हणजे मुळाच्या आतली नसेची पोकळी, साफ करताना मुळाच्या टोकापलीकडे रेटला जाणारा कचरा. त्यात कोरलेल्या दंतद्रव्याचा कीस असतो, नसेचे तुकडे असतात, धुण्याचे द्रावण असते आणि दात किडलेला असेल तर जिवाणूही असतात. हत्याराचा प्रश्न येथे येतो. हाताने वापरायची पोलादी फाईल जेव्हा नलिकेत वर-खाली घासली जाते, तेव्हा ती अरुंद नळीतल्या दट्ट्यासारखी वागते. वर येताना ती कीस बाहेर काढते आणि खाली जाताना त्यातला थोडा पुढे ढकलते. मशीनवरची फाईल सतत एकाच दिशेने फिरत असते. गिरमिटाने लाकडाला भोक पाडताना भुसा जसा पिळांच्या खाचांतून आपोआप वर चढत येतो, तसा या फाईलच्या खाचांतून कीस दाताच्या तोंडाकडे येतो. फाईल बाहेर काढल्यावर त्या खाचांत अडकलेला ओला पांढुरका चिखल डोळ्यांना दिसतो. तो स्पंजवर किंवा गॉजवर पुसून मगच फाईल पुन्हा आत घालायची असते, आणि जो दंतवैद्य दर दोन-तीन हलक्या फेऱ्यांनंतर न कंटाळता ती पुसतो, तो आपल्या रुग्णाचा दुसरा दिवस सोपा करत असतो. अर्थात मुळापलीकडे मुळीच कचरा जाऊ न देणारे हत्यार आजवर कोणी बनवलेले नाही. फरक कमी-जास्तीचा आहे.

दुसरा फरक धातूचा आहे. पोलादी फाईल जसजशी जाड होते तसतशी ताठ होत जाते, आणि वाकड्या नलिकेत ती सरळ होऊ पाहते. खालच्या दाढेची पुढची मुळे तर बहुधा वाकडीच असतात. सरळ होऊ पाहणारी फाईल वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर दाब देते, टोकाशी असलेले नैसर्गिक छिद्र फाटून लांबट होऊ शकते, आणि मग कचऱ्याला पलीकडे जाण्याची वाट मोकळी होते. दात सरळ करण्यासाठी वापरली जाणारी निकेल-टायटॅनियमची तार घेऊन तिच्यापासून मूळ-नलिकेची फाईल बनवण्याचा प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा १५ क्रमांकाची ही फाईल त्याच मापाच्या पोलादी फाईलपेक्षा दोन ते तीन पट अधिक लवचीक असल्याचे आढळले. या लवचिकतेमुळेच वाकड्या नलिकेत फाईल मिनिटाला साधारण तीनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवणे शक्य झाले. मशीनची खरी किमया मोटरपेक्षा या धातूत जास्त आहे, असे मला वाटते.

आता पुराव्याचे वजन. या विषयावरचे बहुतेक अभ्यास रुग्णाला शून्यापासून शंभरपर्यंतच्या रेघेवर स्वतःच्या वेदनेची खूण करायला सांगतात. रुग्णाने मोटरचा आवाज ऐकलेला असतो, काम लवकर आटोपल्याचे त्याने पाहिलेले असते, आणि दंतवैद्यापासून तर हातातले हत्यार लपवताच येत नाही. भूल कोणती, धुण्याचे द्रावण कोणते, काम एका बैठकीत की दोन, या गोष्टीही प्रत्येक अभ्यासात वेगळ्या असतात. म्हणून मशीनच्या बाजूने दिसणारा फरक मी मानतो, पण तो मोठा मानत नाही. सातव्या दिवशी दोन्ही गट जवळपास एका पातळीवर आलेले असतात.

आता आपल्या भावाविषयी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात आधीचे अनेक अभ्यास एकत्र केले होते. त्यानुसार उपचारापूर्वी ८१ टक्के रुग्णांना दुखत होते, उपचारानंतर चोवीस तासांनी ४० टक्के रुग्णांना आणि सात दिवसांनी ११ टक्के रुग्णांना. शंभराच्या मापावर वेदनेची सरासरी तीव्रता आधी ५४ होती, ती एका दिवसात २४ वर आणि आठवड्यात ५ वर उतरली. उपचार दुखणे वाढवत नाही, उतरवतो, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते. पण ज्याला आधी फार दुखत होते त्याला नंतरही जास्त दुखते, ही गोष्ट अभ्यासामागून अभ्यासांत आढळली आहे, आणि हत्याराच्या निवडीपेक्षा हे भाकीत कितीतरी भरवशाचे आहे. मुळाच्या टोकाशी आधीच दाह असेल, तर तेथले चेतातंतू इतके संवेदनशील झालेले असतात की एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श त्यांना वेदना वाटतो. आपला भाऊ खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या दाताला नुसते टकटक केले तरी दुखत होते का, हे त्याला विचारून पाहा. माझा कयास ‘हो’ असा आहे.

राहिला आग्रहाचा प्रश्न. हत्याराचा आग्रह धरू नये. सवयीच्या हाताने जपून वापरलेली हातफाईल ही घाईने रेटलेल्या मशीनच्या फाईलपेक्षा केव्हाही कमी दुखवते. विचारायचेच असेल, तर नलिकेची लांबी कशी मोजणार आणि रबर डॅम, म्हणजे उपचाराचा दात तोंडातल्या ओलाव्यापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावणार का, हे विचारावे. उपचारानंतरच्या आठवड्याशी या दोन गोष्टींचा संबंध फाईलच्या नावापेक्षा अधिक आहे.

प्रश्न : ‘एकाच फाईलने संपूर्ण रूट कॅनाल’ अशी पद्धत माझ्या डॉक्टरांनी सुचवली. ही फाईल पुढे-मागे फिरते असे ते म्हणाले. काम लवकर होते हे चांगलेच, पण नंतर दुखणे जास्त होते असे कोणी तरी सांगितल्यामुळे मनात शंका आहे.

उत्तर : ही शंका निराधार नाही आणि पूर्णपणे सिद्धही झालेली नाही. या फाईली सतत गोल न फिरता एका दिशेने बरेच वळतात आणि उलट दिशेने थोडे. २०११ च्या सुमारास बाजारात आलेल्या अशा दोन प्रणालींपैकी एकीत हे कोन सुमारे १७० आणि ५० अंशांचे आहेत, तर दुसरीत सुमारे १५० आणि ३० अंशांचे. कापणाऱ्या दिशेने वळताना धातूवर आलेला ताण उलट वळणाने सुटतो, त्यामुळे फाईल तुटण्याचा धोका कमी होतो. हा फायदा खरा आहे.

आक्षेप असा, की उलट वळताना खाचांतला कीस वर चढण्याऐवजी खाली दाबला जात असावा, आणि तीन-चार फाईलींत वाटले जाणारे काम एकीनेच केल्यामुळे तो एकदम पुष्कळ तयार होत असावा. हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत काढलेले दात लहान काचेच्या बाटलीच्या बुचात बसवतात, मुळाचे टोक बाटलीत लोंबकळत ठेवतात, नलिका साफ करतात, आणि बाटलीत पडलेला कचरा वाळवून अतिशय संवेदनशील तराजूवर तोलतात. काही प्रयोगांत पुढे-मागे वळणाऱ्या फाईलींनी जास्त कचरा ढकलला, काहींत सतत फिरणाऱ्या फाईलींनी. या मांडणीत एक मोठी उणीव आहे. बाटलीतल्या दाताच्या टोकापलीकडे मोकळी हवा असते. आपल्या तोंडात तेथे जिवंत ऊती आणि हाड असते आणि त्यांचा उलट दाब असतो. त्यामुळे बाटलीतले मिलिग्रॅम जसेच्या तसे रुग्णाच्या वेदनेत उतरवता येत नाहीत.

प्रत्यक्ष रुग्णांवरच्या तुलनांतही एकवाक्यता नाही. काही संशोधकांना सतत फिरणाऱ्या फाईलीनंतर दुखणे थोडे कमी आढळले, काहींना फरकच आढळला नाही. जेथे आढळला तेथेही तो पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता होता. आपल्या डॉक्टरांचा हात या पद्धतीवर बसलेला असेल, तर केवळ या शंकेपायी त्यांना दुसरी पद्धत वापरायला लावू नये. मी स्वतः अरुंद नलिकेत एकच फाईल वापरण्याआधी बारीक हातफाईलने वाट मोकळी करून घेतो, कारण वाट आधीच असेल तर मोठ्या फाईलला दाब द्यावा लागत नाही.

प्रश्न : मी दंतवैद्यकाच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. आमच्या विभागात विद्यार्थ्यांना हातफाईलींवरच काम करावे लागते. माझ्या रुग्णांना दुसऱ्या दिवशी दुखल्याचे कळले की मला अपराधी वाटते. मशीन नसताना मी काय करू शकते?

उत्तर : हे पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण दुसऱ्या दिवशी रुग्णाला कसे वाटते याची चौकशी करणारा विद्यार्थी पुढे चांगला दंतवैद्य होतो. हातफाईलने पुष्कळ साधता येते, आणि त्यातले काही येथे सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी वर-खाली घासणे सोडा. १९८५ साली मांडल्या गेलेल्या संतुलित बलाच्या पद्धतीत फाईल हलकेच उजवीकडे फिरवून दंतद्रव्यात गुंतवतात, मग खालच्या दिशेने सौम्य दाब ठेवून डावीकडे फिरवून तो भाग कापतात, आणि शेवटी उजवीकडे फिरवत कीस बाहेर उचलून आणतात. दट्ट्यासारखी हालचालच नसल्यामुळे या पद्धतीत पलीकडे जाणारा कचरा घासण्याच्या मानाने कमी असतो, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे हत्यार तेच राहिले, धातू तोच राहिला, केवळ मनगटाची हालचाल बदलली. हत्याराची निवड म्हणताना आपण बहुधा वस्तूचा विचार करतो. माझ्या मते ती वस्तू कशी फिरते याचा विचार निम्म्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

दुसरे, वरून खाली या. नलिकेचा वरचा तिसरा भाग आधी रुंद करून धुऊन घेतला, तर जिवाणूंचा बहुतांश साठा तेथेच निघून जातो आणि फाईल टोकाशी पोहोचते तेव्हा तिच्यापुढे ढकलायला फारसे काही उरत नाही. थेट बारीक फाईल टोकापर्यंत घालून तेथून वर येण्याची घाई अनेक विद्यार्थ्यांना असते, कारण लांबी लवकर नोंदवून मोकळे व्हायचे असते.

तिसरे, लांबी. १५ क्रमांकाच्या पांढऱ्या दांड्याच्या फाईलचे टोक केवळ ०.१५ मिलिमीटर जाड असते. दाढेची लांबी वरच्या उंचवट्यापासून मुळाच्या टोकापर्यंत समजा १९.५ मिलिमीटर आहे आणि फाईलवर लांबीची खूण करणारा रबरी स्टॉपर दांड्याकडे अर्धा मिलिमीटर सरकून बसला आहे, तर प्रत्येक वेळी ते टोक मुळाबाहेर जाऊन जिवंत अस्तरात टोचत राहील आणि भूल उतरेपर्यंत कोणालाच त्याचा पत्ता लागणार नाही. स्टॉपर फाईलला काटकोनात आहे ना, तो दर वेळी दाढेच्या एकाच उंचवट्याला टेकतो ना, हे वाकून पाहा. विभागात एपेक्स लोकेटर, म्हणजे नलिकेची लांबी मोजणारे विद्युत यंत्र, असेल तर त्याचा आकडा आणि एक्स-रे दोन्ही जुळवून घ्या. एक्स-रेमध्ये मुळाचे टोक दिसते, पण नलिकेचे छिद्र पुष्कळदा टोकाच्या अलीकडे, बाजूला उघडते, म्हणून चित्रात टोकापासून अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबण्याचा प्रघात आहे.

चौथे, धुणे. २००१ साली सूक्ष्म सीटी स्कॅनने केलेल्या एका अभ्यासात, वापरलेले तंत्र कोणतेही असो, नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग हत्याराच्या स्पर्शाविनाच राहिलेला आढळला. म्हणजे खरी सफाई द्रावण करते, फाईल त्याला वाट करून देते. पण तेच द्रावण, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दाबाने टोकापलीकडे गेले, तर क्षणात भयंकर कळ, सूज आणि त्वचेवर निळे-काळे डाग येतात. बाजूला छिद्र असलेली सुई घ्या, ती टोकापासून किमान दोन मिलिमीटर अलीकडे ठेवा, नलिकेत अडकू देऊ नका, सतत थोडी वर-खाली हलवत राहा आणि दट्ट्या अंगठ्याऐवजी तर्जनीने दाबा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. शेवटची धुलाई सुमारे अडीच अंश सेल्सिअस इतक्या थंड सलाईनने काही मिनिटे केली, तर पहिल्या दिवसाचे दुखणे कमी होते, असे अलीकडच्या अनेक चाचण्यांत दिसले आहे, आणि त्यासाठी कोणतेही मशीन लागत नाही.

आणि एक. दाताला आधीच चावताना दुखत असेल, तर त्याचा चावा थोडा कमी करून द्या, म्हणजे चावण्याचा पृष्ठभाग किंचित घासा. वर उचललेला दात विरुद्ध बाजूच्या दातावर आपटत राहिला, तर तुम्ही आत घेतलेली सगळी काळजी रुग्णाला जाणवणारच नाही.

प्रश्न : माझ्या पुढच्या दाताचा रंग काळपट झाला होता, पण तो कधीच दुखला नव्हता. एक्स-रेमध्ये मुळाशी डाग दिसल्यामुळे रूट कॅनाल सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजला, रात्रभर ठणका लागला. दुखत नसलेल्या दाताचे असे का झाले? डॉक्टरांनी चुकीचे हत्यार वापरले असेल का?

उत्तर : न दुखणारा दात उपचारानंतर सुजला की रुग्णाला फसवले गेल्यासारखे वाटते, आणि ते मी समजू शकतो. आपल्या दाताची नस फार पूर्वी मेलेली होती. अशा नलिकेत जिवाणूंची वस्ती वर्षानुवर्षे टिकून राहते, मुळाच्या टोकाशी शरीर तिला अडवून धरते, आणि दोघांमध्ये एक प्रकारचा समतोल होतो. एक्स-रेमधला डाग ही त्याचीच खूण. उपचार सुरू झाल्यावर त्या वस्तीतला थोडासा भाग जरी पलीकडे गेला, तरी तो समतोल मोडतो, पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि सूज व ठणका एकदम उसळतो. जिवंत नस काढताना पलीकडे गेलेला कीस बहुतांशी निर्जंतुक असतो. मृत नसेच्या दातातला कीस तसा नसतो, म्हणून तेवढ्याच कचऱ्याने दुखणे अधिक होते.

अशी उसळी दर शंभर रुग्णांत मोजक्या जणांनाच येते, आणि ती अगदी निर्दोष कामानंतरही येऊ शकते. तेव्हा तिच्यावरून डॉक्टरांच्या हत्याराविषयी निष्कर्ष काढू नये. आपण त्यांना लगेच कळवले असेल, तर त्यांनी दात पुन्हा उघडून धुतला असेल किंवा पू असल्यास त्याला वाट करून दिली असेल, आणि तोच योग्य उपाय आहे. अशा उसळीमुळे उपचार फसला असे ठरत नाही. पुढे व्यवस्थित पूर्ण केलेला दात तितकाच चांगला टिकतो.

प्रश्न : काम चालू असताना फाईलचा तुकडा आत तुटल्याचे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यामुळे दात कायम दुखत राहील का?

उत्तर : तुकड्याच्या धातूमुळे दुखत नाही. निकेल-टायटॅनियम आणि पोलाद दोन्ही शरीराला सहन होतात. प्रश्न असतो तो तुकड्याखालचा भाग धुऊन निघाला होता का याचा. जिवंत नसेच्या दातात किंवा सफाई बरीच झाल्यावर तुकडा अडकला असेल, तर तो तसाच ठेवून वरचा भाग बंद करणे आणि ठरावीक काळाने एक्स-रे काढणे हा सर्वमान्य मार्ग आहे. जंतुसंसर्ग झालेल्या दातात सुरुवातीलाच तुटला असेल, तर सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या मूळ-नलिका तज्ज्ञांना एकदा दाखवावे. आपल्या डॉक्टरांनी हे लपवले नाही, याची मनापासून नोंद घ्यावी.

प्रश्न : रूट कॅनालनंतर दुखू नये म्हणून मी प्रतिजैविके मागितली, पण डॉक्टरांनी दिली नाहीत. केवळ दुखण्याच्या गोळ्या दिल्या. हे बरोबर आहे का? आणि किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : अगदी बरोबर आहे. हे दुखणे बहुतांशी दाहाचे असते, आणि दाहावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. उपचारानंतरची उसळी टाळण्यासाठी पेनिसिलिन देऊन पाहणाऱ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसलेला नाही. ताप असेल, सूज गालावर किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, तरच प्रतिजैविकांचा विचार होतो. त्या वेळी मात्र उशीर करू नये, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, कारण ते दाहाच्या मुळाशी असलेल्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल घेतले तर दोघांचा एकत्रित परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला होतो. भूल उतरण्याआधीच पहिली मात्रा घ्यावी. दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेतलेली गोळी नेहमीच उशिरा आणि अपुरी लागू पडते. मात्र पोटात व्रण असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वेदनाशामकांनी दमा वाढणाऱ्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मात्रा प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

साधारण हिशेब असा, की पहिले दोन दिवस सर्वांत त्रासाचे, मग दररोज थोडा उतार, आणि आठवड्याच्या शेवटी चावताना हलकीशी जाणीव. दुखणे उतरत आहे की चढत आहे, हे दिवसांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्यापेक्षा जास्त वाटले, तर आठवडा संपण्याची वाट न पाहता फोन करावा.

प्रश्न : रूट कॅनाल होऊन आठ महिने झाले. कॅप बसवली आहे, एक्स-रे चांगला आहे असे सांगतात, तरी दाताच्या जागी एक मंद, सतत दुखणे राहते. आता दात काढून टाकावा असे वाटू लागले आहे. तेव्हा वापरलेल्या फाईलीमुळे हे झाले असेल का?

उत्तर : फाईलचा परिणाम दिवसांत मोजायचा असतो, महिन्यांत नाही. आठ महिन्यांनंतरच्या दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. पहिली शक्यता सापडली नाही अशा नलिकेची. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दुसरी, अतिशय बारीक नलिका असते आणि ती साध्या एक्स-रेत पहिलीच्या मागे लपते. दुसरी शक्यता मुळाच्या उभ्या तड्याची. तिसरी, कॅप किंचित उंच असण्याची. आणि चौथी, दुखणे मुळी त्या दाताचे नसून शेजारच्या दाताचे, सायनसचे किंवा चावण्याच्या स्नायूंचे असण्याची. पहिल्या दोहोंसाठी शंकू-किरण सीटी, म्हणजे सीबीसीटी, काढून पाहता येते, मात्र बारीक तडा त्यातही दर वेळी दिसतोच असे नाही.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात रूट कॅनालनंतर सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ दुखणे राहिलेल्या दातांचे प्रमाण ५.३ टक्के आढळले होते. म्हणजे आपण एकट्या नाही आणि आपले दुखणे मनाचा खेळही नाही. त्यातल्या काहींत दात पूर्ण बरा झालेला असतो, पण चेतातंतूच वेदनेचे संदेश पाठवत राहतात. अशी वेदना पुन्हा रूट कॅनाल करून जात नाही आणि दात काढूनही जात नाही. दात गेल्यावर ती त्याच रिकाम्या जागी चालू राहते, आणि तिच्यावर चेतावेदनेसाठी वापरली जाणारी औषधे लागू पडतात. म्हणून आधी सीबीसीटी आणि मूळ-नलिका तज्ज्ञांची तपासणी, आणि त्यात काही सापडले नाही तर तोंड-चेहऱ्याच्या वेदनेचे तज्ज्ञ, या क्रमाने जावे. तोवर दात काढू नये.